अख्खी आठवी

बेटावरच्या शाळेत आम्ही सातजण,
आणि त्यांतली अख्खी आठवी म्हणजे मी.

"आठवी, पान त्र्याहत्तर काढा," म्हणतात मिस हॅस्केल,
आदरानं नव्हे, सवयीनं.
मी काढते.
पहिला नंबर माझा, शेवटचाही माझाच.
मला ताप आला की वर्गाला सुट्टी.
कॉपी करायची झाली
तर माझ्याच गेल्या वर्षीच्या वहीतून.

पहिलीतल्या ओटिसला वाटतं, आठवी हे माझं नाव.
धक्क्यावर, टपालघरात, चर्चच्या पायऱ्यांवर
लांबूनच ओरडतो, "ए आठवी!"
जाळी विणणारे म्हातारे मिशीत हसतात.
मी वळून बघते.
हाक ती हाक.

बाकं दोनच मापांची.
एकात गुडघे अडकतात,
दुसऱ्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत.
म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसून मी बीजगणित सोडवते.
समोर खाडीत बोये डुलत असतात:
बाबांचे पिवळे-काळे, क्रॉकेटांचे लाल,
आणि आत, उथळात, चाळीस जांभळे.
ते माझे.
जांभळाच का? तर तो दुसऱ्या कुणी घेतला नव्हता.

शनिवारी पहाटे साडेचारला
बाबा दारावर एकदाच टकटक करतात.
बोटीवर अजून आईचं नाव आहे, मॅरिबेथ.
आई तीन वर्षं झाली, पलीकडे, रॉकलंडला,
दातांच्या दवाखान्यात फोन घेते.
यंदा बाबांनी बोट रंगवली
तेव्हा ती अक्षरंही रंगवली, जीभ दातांत धरून,
एकही काना इकडेतिकडे न होऊ देता.
मी ब्रश धुतले.
विचारलं नाही.

पिंजरा वर येतो. शेवाळ, खेकडे, एखादा बूट,
आणि शेवंड.
पितळी माप डोळ्याच्या खोबणीपासून पाठीवर धरायचं.
लहान निघाली, सोड पाण्यात.
फार मोठी निघाली, तीही सोड,
तिच्यामुळेच समुद्र भरलेला राहतो, म्हणतात बाबा.
मधली ठेव.

भांडी पडली की मी असते, "लहान आहेस का आता?"
एझ्राच्या पिकअपमधून दीपगृहापर्यंत जायचं म्हटलं की,
"एवढी मोठी झालीस का?"
मला वाटायचं, मधलं असणं म्हणजे
कुणाच्याच हिशेबात नसणं.
हातात माप धरल्यावर कळलं,
नेतात ते मधल्यांनाच.

जूनमध्ये निरोपसमारंभ. एकटीचा.
तरी अख्खं बेट येणार, त्रेचाळीस माणसं, दोन कुत्री,
ब्लूबेरीचे चार तरी केक.
भाषण मला करायचंय.
वर्गमित्रांचे आभार मान, म्हणतात मिस हॅस्केल,
आणि मग स्वतःच थबकतात.
मी लिहिते, "माझ्या वर्गमित्रांनो,"
खोडते.
"माझ्या खिडकीच्या कट्ट्या,"
हेही खोडते.
पण थोडं कमी जोरात.

सप्टेंबरात मी आईकडे.
तिकडे नववीत एकशेनव्वद मुलं.
शेजारी कुणीतरी बसेल, माझ्याच वयाचं,
च्युइंगगम चघळणारं.
न्हाणीघराच्या आरशात मी सराव करते, "हाय."
पुन्हा, "हाय."
एकदा आवाज ओटिससारखा निघतो,
एकदा चक्क बाबांसारखा.
जांभळ्या बोयांचं काय करायचं
ते आम्ही दोघंही काढत नाही.

सातवीत कुणी नाही. सहावीतही नाही.
म्हणजे दोन वर्षं शाळेत आठवीच नसेल.
काल ओटिसला हे सांगितलं.
तो नाक ओढत विचारात पडला.
"मग तिकडे तुझं नाव काय?"

"विनिफ्रेड," मी म्हटलं.

त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं,
चव न आवडलेल्या औषधासारखं.
मान हलवली.
"ए आठवी," म्हणाला, "चल ना,
भरती यायच्या आत दगडांवर जाऊन येऊ."