मूकाशचा बाप

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, आणि ऋषीचं कूळ.
मी तर त्याच कामाचा पगार घेते:
कापसाची काडी गालाच्या आतून
वीस वेळा फिरवायची, कुपीत मोडून टाकायची,
झाकणावर नंबर.
बिश्केकच्या तळघरात फ्रीझर घुमत असतो.

अतबाशीच्या वरच्या अंगाला सागिनालीचं घर.
पत्र्यावर वाळत घातलेले दह्याचे खारे गोळे.
नातू बाइश, वय वर्षं आठ,
पाहुणी टेकायच्या आत उभा राहिला
आणि म्हणाला, जे इथल्या पोराला यावंच लागतं,
नाहीतर लोक म्हणतात, याला घर नाही:
तुर्दाकुन, सागिनाली, मूकाश,
चोकोय, बोरुबाय, तिलेके, एसेनामान.
एका दमात सात बाप.
मग श्वास घेतला, आणि एक गोळा तोंडात टाकला.

बापाकडून फक्त लेकाकडे जाणारं ते गुणसूत्र
फारसं बदलत नाही.
शेकडो पिढ्या नकलून काढलेली पोथी,
क्वचित कुठे लेखनिकाला डुलकी, एखादं अक्षर चुकतं,
आणि पुढचे सगळे तीच चूक इमानानं गिरवत जातात.
आम्ही चुका मोजतो.
चुकांवरून नातं लावतो.
माझ्यात ती पोथी नाही.
मी नुसती वाचणारी.

एसेनामानच्या दहा घरांतल्या दहा कुप्या.
नऊ जणांच्या चुका तंतोतंत जुळल्या.
दहावी सागिनालीची.
पुन्हा तपासली. मग दुसऱ्या काडीवरून पुन्हा.
तीन आठवडे पाकीट माझ्या खणात पडून होतं.

वसंतात गेले. म्हातारा मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.
पाकीट घेतलं, न उघडता कोटाच्या आत सरकवलं.
"मूकाशपाशी तुटतं ना?"
मी मेंढीकडे पाहिलं.
"सोळा साली सगळे बेदेल खिंडीतून पळत होते,
मागे झारचे शिपाई, पुढे बर्फ.
चोकोयचं तान्हं आदल्या रात्री गेलं होतं.
सकाळी एका मेलेल्या खेचराच्या पोटाशी
हे दिसलं. दोनेक वर्षांचं. नाव सांगता येईना.
चोकोयच्या बायकोला अजून दूध येत होतं.
एवढंच. बापाचं काय,
ते खिंड उतरल्यावर ठरलं."
मेंढी सुटली, लंगडत गेली.

पाकिटात आणखी एक गोष्ट होती, ती मी तोंडानं सांगितली.
गावाखाली, नदीच्या वळणावर,
गेल्या साली जे थडगं उकरलं,
घोड्यासकट पुरलेला माणूस, अडीच हजार वर्षांपूर्वीचा,
त्याच्या दाढेतून निघालेली पोथी
आणि तुमची, एकाच फांदीची.
त्याचेच वंशज असं म्हणत नाही मी.
त्याच्या भावाचे, चुलत्याचे, कुणाचे तरी.
त्या नऊ घरांची फांदी मात्र
इथल्या एवढ्या जुन्या कुठल्याच हाडात नाही.
अजून तरी नाही.

म्हातारा हसला. पुढचे दात नव्हते.
"म्हणजे बर्फात सापडलं ते घरचं,
आणि उचलणारे पाहुणे?"
मग बराच वेळ काहीच नाही.
वरच्या उतारावर कुणीतरी घोड्याला शीळ घालत होतं.
"बाइशला सांगू नकोस.
पोर आहे, चोकोयला गाळून म्हणेल."

निघताना बाइशनंच अडवलं. "तुझे सात?"
मी म्हटले. मुलींनाही शिकवतात आमच्यात.
माझा बाप चार मुलींचा.
त्याची कुपी वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला,
उणे ऐंशी अंशांत उभी आहे.
नंबर मला पाठ आहे.
"आणि आया?" त्यानं विचारलं, गंमत म्हणून.
आई जीदेगुल. आजी उमसुनाय.
पणजीला सगळे
अमक्याची बायको असंच काहीतरी म्हणायचे.
गाडीवाल्यानं हॉर्न दिला.
बाइश बोटं दुमडून थांबला होता, तिसरं उघडं.