चकती

जिन्याखालचा कॉक
माझ्याइतका कोणाच्या हाताला ठाऊक नसेल.
पितळी, चाकाचा, लाल रंग अर्धा गेलेला.
अंधारातही सापडायचा.

परवापासून चाकाखालून गळू लागला,
भिंतीला पोपडे धरले.
शालिक निखारे आला साडेसातला, नळ गेल्यावर.
उकिडवा बसला, पान्याची मूठ पाईपवर ठोकली,
डॉक्टरसारखा कान लावला.
"जुनं लोखंड हाय ताई. एक सोडाले जाऊ
तं तीन सुटतीन. बाहेरचा कॉक कुठी हाय?"

बाहेरचा कॉक सिमेंट रोडच्या पोटात.
रस्ता आला तेव्हा जुनी शुक्रवारी गल्लीसकट
वीतभर खाली गेली,
झाकणही गेलं, त्याची खूणही गेली.
"मंग उद्या पाचच्या आत झालं पायजे.
नाही तं जिन्यात अंबाझरी."

पोऱ्या आला नव्हता त्याचा.
दोन पाने लागतात अशा कामाला,
एक फिरवायला, एक नुसता धरून ठेवायला.
मी टॉर्च घेतलेला.
तेवढ्यात वरून ज्योत्स्ना उतरली, माझी धाकटी जाऊ,
पाणी तिच्याही टाकीचं. तिला त्यानं काहीच विचारलं नाही,
पाना हातात दिला.
"वहिनी, हा धरा. हलू नका देऊ."
तिनं धरला. मनगटावरची शीर उभी राहिली.
माझा उजेड तिच्या बांगड्यांवर,
आणि आमच्यात अकरा वर्षांत
इतकं जवळचं काही झालेलं नव्हतं.

डिझेल सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं.
मग एकदम कडकन्.
कॉक सुटला, पण निपल एल्बोच्या आतच मोडला.
शालिक शिवी देणार होता, आम्हाला पाहून गिळली.
हॅक्सॉचं पातं चिंधीत गुंडाळून
तो आतून खाच पाडत बसला, दोन तास,
आतल्या आट्यांना धक्का न लावता.
आट्यांतून ताग निघाला, सफेदा लावलेला,
चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणाच्या बोटांनी वळलेला,
अजून चिकट.

चहा झाल्यावर त्यानं जुना कॉक पेपरवर उघडला.
नुसतं पाहायला.
"हे पाहा. चकती तं केव्हाचीच सुटली जी.
दांडीचे आटेच नाही उरले. अर्ध्यावर येऊन अटकली.
तुमी चाक फिरवून राहिल्या,
आतमंदी काहीच फिरून नाही राहिलं."

मी पेपरातली जाहिरात वाचू लागले.
रोज रात्री दहाला, सगळे झोपल्यावर,
दीड फेरा उजवीकडे.
वरच्या टाकीत कमी चढावं म्हणून.
सहा फेब्रुवारीच्या भांडणापासून, एक रात्र न चुकता,
ताप होता तेव्हाही.

"मी पहाटे उतरून उघडत होते,"
ज्योत्स्ना चाकाकडे पाहत म्हणाली.
"दीड फेरा."
शालिकनं बशीतला चहा संपवला.

इतवारीच्या लोहाओळीतून नवा आणला, लिव्हरचा.
पाव फेऱ्यात उघडतो, पाव फेऱ्यात मिटतो.
एल्बोशी थोडं पाझरेल म्हणाला,
"गंज धरला का आपोआप बंद होते."

पहाटे पाचला नळ आला.
आधी खोकला, मग चहाच्या रंगाचं पाणी,
मग वरच्या टाकीत असा आवाज
की दीर उठून बसले म्हणे.

जुन्या पितळेचे दोनशे चाळीस आले.
एकशे वीस मी वर नेऊन दिले.
तिनं घेतले. मोजले.

रात्री दहाला सवयीनं पाय जिन्याखाली गेले.
एल्बोखाली कोणीतरी वाटी ठेवलेली.
माझी नाही, वरची, काठ चेमटलेला.
लिव्हरवर बोट टेकलं.
गुळगुळीत. थंड.
आता हा खरोखर बंद होतो.