चाळीसचा बल्ब

आषाढापासून दसऱ्यापर्यंत
माझ्या लोखंडी कपाटात एक बल्ब जळत असतो.
चाळीसचा, पिवळा.
बायको म्हणते, लोक देवापुढे समई लावतात.
मी म्हणतो, देवाला बुरशी लागत नाही.
ती म्हणते, लागते. दाखवू?

वरच्या दोन खणांत अकराशे बेचाळीस चकत्या.
मोजलेल्या आहेत.
तारामुंबरीच्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्यासमोर
माझी लायब्ररी होती: सिनेमा दहा रुपये, गाणी पाच,
उशीर झाला तर दिवसाला दोन.
बंदीच्या दिवसांत खलाशी यायचे,
चकतीच्या पाठीत आधी स्वतःचे दात बघायचे,
भांग नीट करायचे, मग विचारायचे,
ह्येच्यात हाणामारी आसा मां?

खारा वारा काय करतो, सांगतो.
आधी कडेला एक ठिपका, मोहरीएवढा.
मग तो आत चालू लागतो
विहिरीच्या पायरीवर शेवाळ चालतं तसा,
आणि एक दिवस चकती उजेडासमोर धरली
की तिच्यातून बाहेरच्या माडाची झाप दिसते.
म्हणजे तेवढं गाणं गेलं.

मी मलमलीने पुसतो, मधून कडेकडे, सरळ.
गोल पुसायचं नाही.
गोल पुसलं तर ओरखडा गाण्याच्याच वाटेने जातो.

पुतण्या विघ्नेश म्हणतो,
काका, ह्या सगळा फोनात आसा.
असेल. मी नाही म्हणत नाही.
पण आमच्या मांडावरचा तो दशावतार नाही फोनात,
ज्यात राजा बोलत असताना वीज गेली
आणि कोणीतरी मोटरसायकलचा दिवा त्याच्या तोंडावर धरला,
आणि राजा थांबला नाही.
शूटिंग माझंच. हात हलतो.

आणि रजिस्टरचं पान एकशे अकरा.
रघुवीर कोयंडे. तीन चकत्यांचा सिनेमा.
पहिल्या दोन बघून परत केल्या,
तिसरी बोटीवर बघतो म्हणाला,
मालकाने नवीन टीव्ही बसवलाय.
तारीख. सही.
पुढचा रकाना कोरा.
आठवड्याने मिठमुंबरीच्या वाळूत
एक निळं पिंप लागलं आणि दोन फळ्या.

दिवसाला दोन रुपये.
बेरीज मी केलेली नाही,
रेघही मारलेली नाही.

माझ्या घरात तो सिनेमा असा थांबतो:
बाई दार उघडायला उठते,
हात कडीवर.
पुढचं विघ्नेश दोन मिनिटांत काढून देईल.
मी मागितलेलं नाही.

मार्चमध्ये रघुवीरची बायको आली, शालन.
वाईट झालेले धा-वीस आसले तर देवा,
वांदरांनी आंबो ठेवल्यानी नाय.
मी काढून दिल्या, झाप दिसणाऱ्या.
दोरा तिनेच आणला होता, जाळ्याचा, निळा.
रजिस्टर टेबलावर उघडं होतं.
तिने वाचलं की नाही, मला सांगता येणार नाही.
ओवता ओवता म्हणाली, किती झाले?
मी म्हटलं, काय नाय.
ती पुन्हा म्हणाली, किती?

आता दुपारी तिच्या कलमांतून
आमच्या पडवीच्या भिंतीवर उजेडाचे तुकडे येतात,
वारा असेल तसे.
वांदर दोन दिवस घाबरले.
तिसऱ्या दिवशी एक पिल्लू फांदीवर बसून
चकतीत तोंड बघत होतं,
अगदी खलाशासारखं.

यंदा श्रावणात बल्ब गेला.
दुकानात म्हणाले, पिवळे येत नाहीत आता,
हा घ्या, नऊ वॅटचा, लख्ख.
लावला. हात धरून बघितला.
थंड.
कपाटातलं सगळं स्वच्छ दिसतं,
सुकत मात्र काही नाही.

बायको म्हणाली, जामसंड्याच्या पोल्ट्रीत विचारा,
पिल्लांना ऊब लागते, त्यांच्याकडे असतील.
शनिवारी जाईन.
तोवर खणात दोन ताटं उकडे तांदूळ पसरलेत,
ओल ओढतात म्हणून.
ते नंतर खायचे की नाही
यावर घरात एकमत नाही.