एकवीस दात

मुंबईहून आलेल्या माणसानं आधी हातमोजे चढवले,
पांढरे, सुती, सोनाराकडे असतात तसे.
इंजिनावरचा नंबर वाचला, मग फ्रेमवरचा,
मग पुन्हा इंजिनावरचा.
म्हणाला, जुळतात.
नोएला मॅडम म्हणाल्या, जुळणारच,
दोघांनी एकाच खोक्यातून प्रवास केलाय.

जिनोआहून आलं होतं ते खोकं,
बोटीवर इंजिनिअर असलेल्या भावानं पाठवलेलं.
पिवळी. हळदीसारखी नव्हे,
पायरी आंबा देठाजवळ पिकतो तशी.
चौऱ्याहत्तर सालची डुकाटी, साडेसातशेची,
कॅम्पातल्या एका बोळात,
जिथे तेव्हा लुनासुद्धा भाव खायची.
भाऊ परत आला नाही.
मॅडम आठवडाभर शाळेत पीटी घ्यायच्या,
रविवारी पहाटे शिट्टी घरी ठेवून
कात्रजचा घाट चढायच्या.

मी भोसरीत मिलिंग मशीनवर.
एक्क्याण्णव साली खंबाटकीत हिचं वरचं चाक फुटलं,
बोलोन्याला पत्रं गेली, उत्तर आलं नाही,
आणि रस्ता पेठेतल्या गनीनं
तुटलेले दात फडक्यात बांधून माझ्याकडे आणले.

तेव्हा पहिल्यांदा पाहिलं मी तिच्या आत.
चेननं भागलं असतं ते काम, स्वस्तात.
पण कुणीतरी तिथे शाफ्ट उभा केला होता,
दोन्ही टोकांना शंकूसारखी चाकं,
म्हणजे खाली जे ठरलं ते वर
एक अक्षर न गळता पोचावं.
एवढ्यासाठी एवढं!
मी फडकं हातात धरून बराच वेळ उभा होतो.
तिकडेही कुणी तिसऱ्या पाळीत
असाच वाकलेला असणार, डोळे चोळत.

पहिलं चाक वाया गेलं. दुसरंही.
तिसऱ्याला शेंदूर लावून जोडीच्या चाकावर फिरवलं,
एकवीसच्या एकवीस दातांवर
मधोमध उमटला डाग,
कुंकवाच्या बोटाएवढा.

किती द्यायचे, मॅडमनी विचारलं.
म्हटलं, एक चक्कर.
मग दोघांच्याही लक्षात आलं,
हिला मागे सीटच नाही.
ती चक्कर राहिली ती राहिलीच.

हातमोजेवाल्यानं आता वरचं झाकण उघडलं,
बॅटरी मारली, भिंग लावलं.
म्हणाला, बाकी सगळं अस्सल, हे चाक सोडून.
एक लाख ऐंशी हजार कमी होतील.

मी मनातल्या मनात भागाकार केला.
त्या वर्षीचा पगार एकोणीसशे.
जवळजवळ आठ वर्षं होतात.
माझ्या हातचं इतकं महाग काम
दुसरं कुठलं झालं नाही,
वजाबाकीत का होईना.

जुनं चाक आहे का, त्यानं विचारलं.
तुटकं चालेल, तेच बसवू.
गाडी काचेआडच राहणार,
चालली नाही तरी बिघडत नाही.

मॅडमनी बिस्किटांचा डबा आणला,
त्यात ते फडकं होतं, अजून गाठ मारलेलं.
गाठ सोडली नाही. डबा खिडकीत ठेवला.
बहात्तराव्या वर्षी साडीचा ओचा खोचला
आणि किक मारली.
दोन वाया गेल्या. तिसरी लागली.
समोरच्या बेकरीतला पोरगा पाव टाकून बाहेर आला.
पांढरे हातमोजे कानांवर गेले.

घुले, त्या ओरडल्या, तुमची एक चक्कर बाकी आहे.
सीट एकच आहे, तुम्ही बसा.
मी ओरडलो, मला गिअरची गाडी येत नाही!
त्या म्हणाल्या, गिअर तुम्हीच केलाय.

गिअर उजव्या पायाला असतो हिचा.
मी चप्पल काढून ठेवली.