बहिणीचं पाणी

टपालाची पाकिटं तोलायचा जुना काटा
आता चहा तोलतो.
वाटीमागे तीन ग्रॅम. पाच पांढऱ्या वाट्या, पाच मिनिटं,
मग चमच्याने सुर्रकन ओढायचं,
जिभेवरून टाळूला, टाळूतून नाकात,
आई असती तर ह्या आवाजासाठी
एक कानाखाली बसली असती.

एकतीस वर्षं मी बंधाऱ्याची दारं
ओहोटीला उघडली, भरतीला मिटली.
निवृत्तीनंतर आमच्या गावात लोक कबुतरं पाळतात.
मी डबे पाळले.

आसाम, जूनमधली तोड, टोकांना सोनेरी लव :
हा पाया.
सिलोन खिडक्यांपुरता.
सुमात्रा चिमूटभर, भिंतींना रंग म्हणून.
शेजारचा टियार्क दोन कप संपवून म्हणाला,
"हाब्बो, सगळं आहे, पण घराला छप्पर नाही."
मला राग आला.
रात्री उठून मी दार्जिलिंग घातलं, अर्धा ग्रॅम.
छप्पर बसलं.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याच नाताळात एक पुडा गेशेला पाठवला,
सोबत चिठ्ठी नाही.
बाबांची होडी मी तिला न विचारता विकली होती,
तेव्हापासून अकरा वर्षं
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
ती तिकडे वुर्झबुर्गला, द्राक्षांच्या डोंगरात,
मी इथे, जिथे डोंगर म्हणजे समुद्राचा बांध.

जानेवारीत कार्ड आलं. चार शब्द :
तुझा चहा मेलेला आहे.

दोन दिवस मी डब्यांकडे पाहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी, किटली घासताना,
लक्षात आलं की आमच्या किटलीला कधी खर धरत नाही.
पावसाचं, दलदलीतलं, मऊ पाणी आमचं.
तिच्याकडे डोंगरच चुन्याचा.
मीही दोनच शब्द लिहिले : पाणी पाठव.

सहा बाटल्या आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
पोस्टातली ओक्का खोकं उतरवत धापा टाकत म्हणाली,
"दाराबाहेर समुद्र असताना
तू पाणी विकत मागवतोस?"
विकत नाही, म्हटलं. बहिणीचं आहे.
ती गप्प झाली. गाव लहान आहे.

एक बाटली उजेडात धरली.
पाण्यात पाहिलं.
काहीच दिसलं नाही. चुना दिसत नाही.
पण उकळून पत्तीवर ओतलं तशी
वर साय धरली, करडी,
फेब्रुवारीत कालव्यावर बर्फ तडकतो तशी तुकड्यातुकड्यांची,
आणि खाली माझा आसाम गढूळ,
सिलोन आंधळं,
छप्पर तर उडूनच गेलेलं.
खरं बोलली होती.

मग वहीत आकडे.
दार्जिलिंग काढलं. सुमात्रा काढलं.
केनियाची बारीक, तिखट पत्ती आणली,
जी एरवी मी घरात येऊ दिली नसती.
सातवी खेप लोखंडासारखी.
अकरावी चांगली, पण कुणा दुसऱ्याची.
चौदाव्या खेपेला पाचवी बाटली संपत आली होती,
आणि वाटीत एकदम
तांबडा, स्वच्छ, जरा भांडखोर असा चहा उभा राहिला.
गेशे नववीत असताना अशीच दिसायची.

डबाभर पाठवला.
उरलेला घरच्या पाण्यात करून पाहिला
तर नुसता ओरडतो, घसा धरतो.
इथे तो कुणाच्याच कामाचा नाही.

एप्रिलमध्ये कार्ड. ह्या वेळी एक शब्द :
संपला.

आज सहावी बाटली फोडली.
कपात खडीसाखर, वर चहा : ती तडकली.
कडेने सायीचा थेंब सोडला, ढग वर आला.
ढवळायचं नसतं.
पहिला कप, दुसरा, रीतीप्रमाणे तिसरा.
पुरे झालं की आमच्यात चमचा कपात ठेवतात,
म्हणजे यजमान थांबतो.

किटलीत अजून दोन कपांचं पाणी आहे.
चमचा बशीतच आहे.