मंद असेल त्याला आधी

वेस्प्रेममध्ये म्हणतात, एक तर घंटा वाजते, नाहीतर वारा सुटतो.
डिसेंबरातल्या त्या मंगळवारी दोन्ही चालू होतं,
आणि बोटोंडच्या चंचुपात्रात
सातव्यांदा पांढरा गाळ बसला होता.

टायटॅनियम म्हणजे उतावळा नवरा.
पाण्याचा थेंब दिसला की गुडघ्याला बाशिंग,
आपलं आपल्याशीच लग्न लावून मोकळा,
तळाशी गठ्ठा होऊन बसलेला.
सिलिकॉन तिकडे अजून अंथरुणात.
दोघांनी ऑक्सिजनचा हात धरून
एकाच जाळ्यात, एकमेकांशेजारी बसायचं
असं प्रबंधाच्या आराखड्यात होतं.
आराखडा त्यांनी वाचला नव्हता.

एतेल्का त्या शुक्रवारी निवृत्त होणार.
चौतीस वर्षं इतरांची काचपात्रं धुतली,
तराजू लावले, भट्टीची कुरकुर ओळखली.
निबंधांच्या शेवटी, आभारात, तीनदा तिचं नाव,
त्यातलं एकदा चुकलेलं.
ती म्हणाली, "दोघांना एकदम कशाला बोलावतोस?
मंद असेल त्याला आधी पाणी दे.
दोन तास. हवं तर कॉफी पिऊन ये.
आणि या दुसऱ्याचे हात बांध."

हात बांधायला असिटिलअसिटोन.
द्रावण पिवळं झालं, लिंबाच्या सालीसारखं,
पण गढुळलं नाही.
थेंब.
थेंब.
बोटोंड श्वाससुद्धा मोजून घेत होता.

मग वाट बघणं.
विरजण लागतं तसं, असं मी म्हणेन.
एतेल्का म्हणाली, कोचोन्यासारखं:
डुकराचे खूर नि कान दिवसभर शिजवून, गाळून
खिडकीच्या गार कट्ट्यावर ठेवलेला रस्सा.
"सारखं हलवून बघितलंस की संपलं."

गुरुवारी सकाळी तिने बाटली आडवी केली.
काहीच वाहिलं नाही.
काचेत पिवळसर उजेड गोठून उभा होता,
बोटांना कळेल इतकाच थरथरत.

शुक्रवारी केक, फुलं, संचालकांचं साडेतीन मिनिटांचं भाषण.
कोट चढवून झाल्यावर ती परत आत आली,
पर्समधली सुई काढली
आणि बाटलीच्या तोंडावर ताणलेल्या पापुद्र्याला
भोकं पाडली.
घाई केली तर ओलावा भिंती फोडून पळतो, म्हणाली,
आणि बस पकडायला गेली
तेवढ्या वाऱ्यात.

बारा दिवस.
आक्रसत आक्रसत काचेपासून सुटलेला एक खडा,
एकही तडा नाही.
मग भट्टी, मिनिटाला एक अंश, पाचशेपर्यंत.
पिवळेपण जळून गेलं. उरली पांढरी भुकटी,
बरीचशी पोकळीच.
एका ग्रॅमात दोन टेनिस कोर्टं अंथरता येतील
एवढ्या भिंती,
आणि चिमटीत धरली तर फक्त किंचित कुरकुर.

जानेवारीत सायक्लोहेक्झीन तिच्यावरून गेलं
नि जाताना ऑक्सिजन घेऊन गेलं.
भुकटी होती तशीच.
पडद्यावर एक शिखर उगवलं, उंच, एकटं.

त्याने फोन केला. पलीकडे रेडिओ, भांड्यांचा आवाज.
त्याने आकडे सांगितले. ती म्हणाली, हं.
"भोकं किती होती? लिहायचंय."
"मोजतं कोण?"

पापुद्रा अजून खणात होता, चुरगळलेला.
त्याने तो खिडकीशी धरला.
वहीत लिहिलं: अकरा.
मग शेजारी, पेन्सिलने:
एक बहुधा दोनदा टोचलेलं.