तडी

सकाळचे सात. सुई टोचलेला हात उशीवर ठेवून सातेरी बसलाय.
वय अकरा, उंची एकशे अठरा.
पहिल्या गाडीनं जांबोटीहून आलाय, उपाशी.
आई सांगते, चौकटीवरची कोळशाची रेघ
दोन दिवाळ्या झाल्या, हलत नाही.
त्याच रेघेवर रेघ ओढून
ती नुसती जाड होत चाललीय.

शून्य मिनिट. पहिली नळी, लाल टोपणाची.
मग पेप्टाइड, सावकाश, शिरेत.
वाटाण्याएवढ्या ग्रंथीच्या नावानं एक चिठ्ठी,
आत एकच शब्द: वाढ.

चिठ्ठी पोचते.
पण तिच्या आधीच दारात कुणीतरी उभं असतं,
चौदा मण्यांची माळ घातलेलं,
आणि म्हणतं, तडी.

आमच्याकडं कॅम्पातला भाजीवालाही हेच म्हणतो.
तडी री, सुट्टे बघतो.
कन्नडात तडी म्हणजे थांब,
आणि मराठीत काम तडीस न्यायचं असतं.
मी दोन्ही बोलत वाढले,
म्हणून हा शब्द कानावर आला की
माझा एक पाय जागीच राहतो, दुसरा पुढं पडतो.

मागच्या महिन्यात हीच चाचणी झाली.
सगळ्या नळ्या सपाट. आकडे मीच भरले.
मग बापानं मान खाली घालून सांगितलं,
पोरगं रडूलालतं की ओ, बघवंना,
स्टँडावर द्रोणभर कुंदा चारला.
साखर चढली,
आणि दारातल्याचा आवाजही चढला.

निपाणीला माझे मामा. तंबाखूच्या वखारीत तोलारी.
त्यांची ग्रंथी कुणाचंच ऐकेना.
पन्नाशीत चपलेचा नंबर वाढत गेला,
दातांत फटी पडल्या, जबडा पुढं आला,
आणि लग्नातली अंगठी सोनारानं कातरून काढली.
तब्येत बनवलाय म्हणायचे लोक.
आम्हीही हसलो, चार वर्षं.
आता दर अठ्ठावीस दिवसांनी एक इंजेक्शन,
त्याच माळेची नक्कल, आठ मण्यांची, आखूड.
मीच टोचते.
मामा कुशीवर वळून म्हणतात,
सांग बाई त्याला, बस झालं म्हणून.

एका घरातून ज्याला हलवायचंय
त्यालाच दुसऱ्या घरी
मी महिन्याच्या महिन्याला नेऊन सोडते.

आज चिठ्ठीबरोबर दुसरं सलाईनही आहे,
दारातल्याला गप्पांत गुंतवणारं.
तीस मिनिटं.
सातेरी फरशा मोजतो.
पंचेचाळीस.
एक फरशी फुटकी आहे, ती धरायची का, विचारतो.
साठ.
मावशी, वाढूलालोय काय मी आत्ता?
तडी रे, म्हणून गेले मी,
आणि नळी हातात तशीच राहिली.

दुपारी यंत्रानं आकडा दिला: बावीस.
दशांश चिन्ह दोनदा पाहिलं. बावीसच.
म्हणजे कोठार भरलेलं होतं.
मग रेघ का हलत नाही?
त्याचा रकाना माझ्या कागदावर नाही.
डॉक्टर बघतील,
कदाचित त्यांनाही लगेच कळणार नाही,
हाडांचा फोटो काढतील, सहा महिन्यांनी या म्हणतील.
मी सही केली, वेळ टाकली.

ते निघाले तेव्हा दिसलं,
सातेरीच्या मनगटावर नावाची पट्टी तशीच.
तडी, मी जिन्यावरून ओरडले.
आई थांबली नाही, तिला गाडी गाठायची होती.
तो थांबला, वळला,
आणि दोन पायऱ्या परत चढून आला.
मी एक पायरी खाली उतरले.
आता त्याचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर.
कात्री लावली.
पट्टी सैलच होती.